आधी तेलाच्या कॅनवर तारीख लिहा

एका वाचकाने लिहून पाठवलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. वय ४१, उंची १६८ सेंटीमीटर, वजन ८६ किलो, कमरेचा घेर १०२ सेंटीमीटर. नाशिकला अंबडच्या एका कंपनीत तीन पाळ्यांत काम, घर सिडकोत. एचबीए१सी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी, ६.० आलंय, डॉक्टरांनी अजून गोळी दिलेली नाही, 'वजन उतरवा' एवढंच सांगितलंय. दोन वर्षांपूर्वी पोळी-भात पूर्ण बंद करून महिन्यात पाच किलो उतरवले होते, ते चार महिन्यांत सहा होऊन परत आले. घरात शाकाहार, बाहेर अंडी चालतात, एखाद्या रविवारी चिकन. विचारलंय ते असं: भात सोडू का? रात्रीचं जेवण बंद करू का? प्रोटीन पावडर घेऊ का? आणि सरळ जिम लावली तर हे सगळं टळेल का?

भाऊ, भात सोडू नका. रात्रीचं जेवण बंद करू नका. पावडर लागली तर घेऊ, आज नको. जिममुळे खाण्याचा हिशोब टळणार नाही, पण ती दुसऱ्या एका कारणासाठी हवी आहे. आता प्रत्येकाचं 'का' सांगते. नाशकात आहारतज्ज्ञ म्हणून बसायला लागून एकोणीस वर्षं झाली, त्यात एक कळलंय: नुसती यादी हातात दिली की ती फ्रिजच्या दारावर चिकटते आणि ओट्यावर स्वयंपाक पूर्वीसारखाच होतो. पहिल्या वर्षी मी सातपूरच्या एका बाईंना ओट्स, ब्राउन ब्रेड, ऑलिव्ह ऑइल असा छापील कागद दिला होता. पंधरा दिवसांनी त्या तो लॅमिनेट करून घेऊन आल्या. म्हणाल्या, "मॅडम, ह्यातलं आमच्या घरात एकच सापडलं. पाणी." तो कागद अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आधी तुमच्या त्या पाच किलोंचं बघू. काटा खोटं बोलत नव्हता, पण गेलेलं सगळं चरबी नव्हतं. यकृत आणि स्नायू मिळून चारेकशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे राखीव साखर, साठवून ठेवतात आणि त्याच्या दर ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरलेलं असतं. पोळी-भात बंद केला की हा साठा उपसला जातो, पाणी लघवीवाटे निघून जातं, आणि आठवड्याच्या आत काटा दीड-दोन किलोंनी खाली येतो. माणूस खूश होतो. उरलेल्या तीनेक किलोंत काही चरबी असते आणि काही स्नायू, कारण पोळी गेली तरी तिच्या जागी डाळ-उसळ वाढलेली नव्हती, बरोबर ना? पोळी परत सुरू झाल्या दिवशी पाणी परत आलं. चरबी मागोमाग आली. स्नायू मात्र बसल्या बसल्या परत येत नाहीत, आणि ते घटले की पूर्वीएवढंच खाणंही जास्त होतं. म्हणून पाच गेले आणि सहा आले.

आता तुमचा आकडा. हे गणित कुणालाही घरी करता येतं. १९९० सालचं मिफ्लिन-सेंट जिओर यांचं सूत्र आहे: किलोतल्या वजनाची दहापट, त्यात सेंटीमीटरमधल्या उंचीची सव्वासहा पट मिळवा, वयाची पाचपट वजा करा, शेवटी पाच मिळवा. बायकांसाठी शेवटी पाच मिळवण्याऐवजी १६१ वजा करायचे. तुमचे येतात १,७१०. दिवसभर नुसतं पडून राहिलात तरी शरीराला एवढ्या कॅलरी लागतात. काम, जिने, बाजार धरून साधारण २,३००. रोज १,८०० च्या आसपास खाल्लंत तर ५०० ची तूट पडते. एक किलो चरबी म्हणजे ७,७०० कॅलरी धरतात, म्हणजे कागदावर महिन्याला दोन किलो. प्रत्यक्षात दीड धरा. पंधराशेच्या खाली तुम्ही जाऊ नका. तिथे जो जातो तो तिसऱ्या आठवड्यात रात्री अकरा वाजता स्वयंपाकघरातले डबे उघडत असतो.

किती उतरवायचं, तर भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात. पुरुषाची कंबर ९० सेंटीमीटरच्या आत, बाईची ८० च्या आत हवी. तुमचा बीएमआय साडेतीस आहे. पुस्तकाप्रमाणे तुम्ही पासष्ट किलोंचे व्हायला हवं. तो आकडा आज डोक्यातून काढून टाका. मला तुमचे पहिले सहा किलो हवेत, म्हणजे वजनाचे सात टक्के. साखर सीमेवर असलेल्या माणसांवर अमेरिकेत एक मोठा अभ्यास झाला, २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे सात टक्के वजन उतरवणं आणि आठवड्याला १५० मिनिटं चालणं एवढंच उद्दिष्ट दिलं होतं, आणि मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे चेन्नईच्या संशोधकांनी तसाच अभ्यास केला, २००६ मध्ये छापला. तिथे घट २८.५ टक्के होती. आपली माणसं मुळात कमी वजनावर मधुमेहात शिरतात, त्यामुळे आकडा लहान असला तरी मला तो आपला वाटतो. तुमचं ६.० हे ५.७ ते ६.४ या सीमेवरच्या पट्ट्यातलं आहे. अजून परत फिरायला जागा आहे.

ही पाचशेची तूट कुठून काढायची? बहुतेक जण ताटातून काढतात. मी आधी ताटाच्या बाहेर शोधते आणि बहुतेक वेळा ती तिथेच सापडते.

पहिलं तेल. पहिल्या भेटीला येताना मी घरची फोडणीची पळी आणायला सांगते. माझ्या टेबलावर कफ सिरपच्या बाटलीचं दहा मिलीच्या खुणेचं झाकण असतं. पंचवटीच्या एक आजी सुनेला घेऊन आल्या होत्या. आल्या आल्या सांगितलं, "आमच्यात तेल कमीच. भाजीला एक पळी, बस." मी पळी पाण्याने भरली आणि त्या झाकणात ओतायला लागले. एक झाकण झालं, दुसरं झालं. तिसरं काठोकाठ भरलं तेव्हा आजींनी माझ्याकडे बघितलंच नाही, सुनेकडे बघितलं. तीस मिली म्हणजे सत्तावीस ग्रॅम तेल, जवळजवळ २४५ कॅलरी. दोन वेळच्या दोन भाज्या, आमटीची फोडणी, पोळीला आतून लावायचं, वरून तूप. तेल कुणी 'खात' नाही, म्हणून ते कुणाच्या हिशोबात येत नाही.

तुमच्या घरी पळी मोजायचीही गरज नाही. चार माणसांत पाच लिटरचा कॅन महिनाभर पुरत असेल, तर माणशी रोज अडतीस ग्रॅम तेल झालं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ च्या मार्गदर्शनात २,००० कॅलरींच्या दिवसाला वरून घालायचं तेल-तूप मिळून सत्तावीस ग्रॅम धरलं आहे. आणि तुमच्या अडतीसमध्ये शेंगदाण्याचा कूट धरलेला नाही, बाहेरचा वडा धरलेला नाही. तोच महिना तीन लिटरमध्ये निघाला तर माणशी तेवीस ग्रॅमवर येतो आणि एका माणसामागे रोज सव्वाशे-दीडशे कॅलरी कमी होतात. कोणतं तेल घ्यायचं हे मला फार विचारतात. शेंगदाणा, करडई, सूर्यफूल, काहीही घ्या, आलटून पालटून घ्या. एका ग्रॅमला नऊ कॅलरी हा भाव सगळ्यांचा सारखाच. घाण्याचं तेल चवीला छान असतं, पण ते जास्त ओतायचा परवाना नसतो.

कुटाचंही इथेच सांगते. आपल्याकडे वांग्यापासून गवारीपर्यंत सगळ्यात कूट पडतो. मूठभर शेंगदाणे, तीस ग्रॅम, म्हणजे सातेक ग्रॅम प्रथिनं आणि १७० कॅलरी. चांगलाच पदार्थ आहे, फक्त त्याला तेलाच्या रांगेत बसवा. कूट घातलेल्या भाजीला फोडणी अर्धी.

दुसरं चहा. कंपनीत तुमचे पाच चहा होतात असं लिहिलंय. कपाला दोन चमचे साखर धरली तर पन्नास ग्रॅम, म्हणजे २०० कॅलरी. दिवसाची साखर पंचवीस ग्रॅमच्या आत हवी. एकदम बिनसाखरेचा चहा करायला मी कुणालाच सांगत नाही, कारण तो चार दिवस टिकतो आणि पाचव्या दिवशी माणूस माझ्यावर चिडतो. आधी पाचाचे तीन करा, मग दोन चमच्यांचा दीड, मग एक. जीभ तीन-चार आठवड्यांत सरावते. गूळ घातला म्हणजे साखर गेली असं होत नाही; रंग बदलला. चहाबरोबरच्या चार ग्लुकोज बिस्किटांच्या नव्वदेक कॅलरी, आणि टेबलावर उघडं पडलेलं चिवड्याचं पाकीट वेगळं. चिवडा, शेव, फरसाण यांचे शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर जातात, आणि नाशिककराच्या घरात चिवड्याचा डबा नाही असं होत नाही. माझ्याही घरात आहे. तो वरच्या फडताळात आहे आणि स्टूल दुसऱ्या खोलीत.

तेलाचे १३५, चहाच्या साखरेचे १४०, बिस्किटं-चिवड्याचे २००. ताटाला हात न लावता पाचशे जवळजवळ झाले.

मग मिसळ. हे नाशिक आहे, रविवारी सकाळी गंगापूर रोडला कुठल्या तरी झाडाखाली चुलीवरच्या मिसळीला माणसं ताटकळत असतात आणि मी 'मिसळ बंद' म्हटलं तर माझा दवाखाना बंद होईल. मिसळीतली मटकी, ज्याला आमच्या काही घरांत मठ म्हणतात, ती तुमच्या पूर्ण आठवड्यातल्या उत्तम गोष्टींपैकी एक आहे. बिघडतं ते तिच्या भोवती. चाळीस ग्रॅम फरसाण म्हणजे २२०. वरची तर्री चमच्याने मोजा, दोन मोठे चमचे तेल सहज असतं, २४०. दोन पाव २००. पापड तळलेला, जिलेबी ताटात आलेलीच. आणि रस्सा फुकट म्हणून तीनदा, प्रत्येक वेळी तर्रीसकट. हजारपर्यंत कधी पोचलो कळत नाही. माझं सांगणं: फरसाण वेगळ्या वाटीत मागा आणि अर्धं घाला, तर्री बाजूला, रस्सा खालून ढवळून नका घेऊ, पाव एक, मटकी जास्तीची, दही असू द्या. जिलेबी शेजारच्याला. त्या दिवशी दुपारचं जेवण ताक आणि कोशिंबिरीवर भागतं, भूकच नसते. पंधरवड्यातून एकदा अशी मिसळ खाऊन मी माणसांचे दहा-दहा किलो उतरलेले बघितले आहेत.

आता ताट. इथे मी कमी करायला नाही, वाढवायला सांगणार आहे, आणि सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. तुम्ही लिहून पाठवलेला डबा असा होता: चार पोळ्या, बटाट्याची भाजी, लोणचं, थोडा भात, पातळ वरण. यात प्रथिनं जेमतेम सोळा-सतरा ग्रॅम, तीही बरीचशी गव्हाची. 'मॅडम, वरण तर रोज असतं' हे वाक्य मी दिवसातून चारदा ऐकते. वरण असतं, पण वाटीभर पातळ वरणात कोरडी डाळ पंधरा ग्रॅम असते, म्हणजे प्रथिनं तीनेक ग्रॅम. वाटीच्या तळाशी जी दिसते ती डाळ, वरचं पिवळं पाणी.

भारतीय माणसाला किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिनं असं आपलं सरकारी प्रमाण आहे. वजन उतरवताना स्नायू राखायचे असतात आणि भूकही आवरायची असते, म्हणून मी तुम्हाला दिवसाला पंचाहत्तर ते ऐंशी ग्रॅम सांगेन. मूत्रपिंडाचा काही त्रास असेल, क्रिएटिनिन वाढलेलं असेल, तर हा आकडा तुमचा नाही. आधी डॉक्टरांना विचारा.

पंचाहत्तर ऐकून माणसं पावडरीकडे वळतात, म्हणून ते घरच्या भांड्यांत मांडून दाखवते. सकाळी दोन अंडी आणि एक पोळी, सोळा ग्रॅम. घरात अंडं नको असेल तर चाळीस ग्रॅम मुगाच्या डाळीची दोन धिरडी आणि वाटीभर दही, तेवढंच होतं. दुपारी दोन पोळ्या, मटकी, मूग किंवा हरभऱ्याची घट्ट उसळ मोठी वाटी (कोरडं कडधान्य चाळीस ग्रॅम), वाटीभर दही, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर: वीस. संध्याकाळी मूठभर फुटाणे, सालासकट: सहा. रात्री एक भाकरी, घट्ट वरण, आणि ऐंशी ग्रॅम पनीर किंवा तीस ग्रॅम सोयावडीची भाजी: सव्वीस. दिवसभराच्या दुधा-चहाचे पाच. झाले त्र्याहत्तर. सोयावडी हा सगळ्यात स्वस्त माल आहे, शंभर ग्रॅमला पन्नासच्या वर प्रथिनं. पुरुषांनी सोया खाऊ नये वगैरे जे पसरलंय ते तीस ग्रॅमच्या बाबतीत मनावर घेऊ नका. गरम पाण्यात भिजवून दोनदा पिळा आणि काळ्या मसाल्यात करा, मुलं खिम्यासारखं खातात. रविवारचं चिकन जरूर खा. रस्सा वाटणाचा आणि तेलाचा, फोडी चिकनच्या, हे लक्षात ठेवून वाढून घ्या.

पिठलं हे माझं लाडकं. पंचवीस ग्रॅम बेसनाला पाच ग्रॅम प्रथिनं, दहा मिनिटांत होतं, दुसऱ्या पाळीहून रात्री उशिरा घरी आलेल्या माणसासाठी यासारखं काही नाही. मात्र ते 'चरचरीत' करायच्या नादात तीन पळ्या तेल गेलं तर माझा बेत फसला.

पोळी की भाकरी, यावर नाशकात घरं विभागलेली आहेत. बरेच लोक सांगतात, "पोळ्या बंद केल्या, आता फक्त भाकरी." किती? दोन. केवढ्या? ताटाएवढ्या. एका मोठ्या भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, पोळीला तीस. म्हणजे एक भाकरी म्हणजे दोन पोळ्या, दोन भाकऱ्या म्हणजे चार. ज्वारी आणि गहू यांच्या कॅलरींत सांगण्यासारखा फरक नाही. भाकरीचा खरा फायदा असा की तिला आतून तेल लागत नाही, ती चावावी लागते आणि दीड भाकरीनंतर माणूस थांबतो. बाजरी थंडीत. नाचणी, म्हणजे पेठ-सुरगाण्याकडची आपली नागली, तिच्यात शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, दूध न पिणाऱ्याने आठवड्यातून दोनदा तरी खावी. पण नागलीचं बिस्किट हे बिस्किटच.

आणि भात? एक वाटी शिजलेला भात साधारण दीड पोळीएवढा. तुम्ही पोळ्या खाऊन वर भात खाता, तोही ढीग करून. दुपारच्या चार पोळ्यांच्या दोन करा आणि पाऊण वाटी भात घ्या, नाहीतर तीन पोळ्या आणि भात नको. दोन्हींतलं तुम्हाला काय प्रिय ते तुम्ही ठरवा. इंद्रायणीचा वास आला की मी तर पोळी सोडते. ताट वाढताना क्रम फक्त असा ठेवा: आधी भाजी आणि कोशिंबीर, मग उसळ-वरण, त्यानंतर उरलेल्या जागेत पोळी-भात. जेवायलाही तसंच लागा. भाजी आधी आणि पिष्ट पदार्थ शेवटी गेले की जेवणानंतरची साखर कमी उसळते. पालेभाज्यांबद्दल नाशिककराला मी काय सांगू. बुधवारी गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बाजारात पिशवी भरून आणता येतात. दिवसाला चारशे ग्रॅम भाज्या हव्यात, आपण सगळ्या भाज्या मिळून शंभर-दीडशेवर असतो. बटाटा त्यात धरू नका.

द्राक्षं. जानेवारी ते एप्रिल हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, कारण निफाड-दिंडोरीचा कुणी ना कुणी पाहुणा घरी क्रेट ठेवून जातो. शंभर ग्रॅम द्राक्षांत पंधरा-सोळा ग्रॅम साखर, सत्तरेक कॅलरी. एक वाटी खा, तुमच्या साखरेला झेपते. क्रेट मांडीशी घेऊन मॅच बघायची नाही. बेदाणे म्हणजे पाणी काढलेली द्राक्षं, शंभर ग्रॅमला तीनशे कॅलरी. दहा-बारा दाणे ठीक.

उपवासाचं फार लिहीत नाही. एकादशी अन् दुप्पट खाशी, हे आपल्याच पूर्वजांनी म्हणून ठेवलंय. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असतं, त्यावर कूट, तूप आणि बटाटा. बशीभर खिचडीत चारशेच्या वर जातात आणि प्रथिनं येतात तेवढी कुटातूनच. भगर आणि दही-काकडी बरी. तुमचा सोमवार असेल तर दूध, ताक, राजगिरा, पनीर यांवर निभावून न्या.

रात्रीचं जेवण बंद करू नका असं म्हटलं, ते तिसऱ्या पाळीमुळे विशेष. रात्री जागणाऱ्या माणसाची भूक तशीही वेडीवाकडी वागते, झोप कमी पडली की गोड आणि तळलेलं जास्त हवंसं वाटतं, हा स्वभावदोष नाही. पाळीवर जाण्याआधी, साडेनऊच्या आत, घरचं पूर्ण जेवण. बारा-एकला डब्यातलं लहान खाणं: उकडलेली अंडी, नाहीतर उसळ, ताक. पहाटे तीन-चारचा वडापाव टाळा. त्या वेळी शरीर साखर नीट हाताळत नाही. शेवटचा चहा दोनच्या आत. सकाळी घरी पोचल्यावर हलकं काही खाऊन पडदे ओढून झोपा. पहिल्या पाळीच्या आठवड्यात रात्रीचं जेवण आठपर्यंत. पाळी बदलली की पहिले दोन दिवस विस्कटतात, ते सोडून द्या, त्यावरून निकाल लावू नका.

आता जिम. तुमच्या वजनाच्या माणसाने गोल्फ क्लबच्या मैदानावर पाऊण तास चांगलं चाललं तर बसून राहण्यापेक्षा दीडशे-एकशे साठ कॅलरी जास्त जातात. बाहेर पडल्यावर एक वडा आणि चहा, झाली बरोबरी. त्यामुळे खाणं तसंच ठेवून व्यायामाने वजन उतरत नाही, हे मी स्पष्ट सांगते. माझ्याकडे पाच वर्षं जिमला जाणारी आणि तेवढ्याच वजनाची माणसं येतात. पण चालण्याने साखर सुधारते, झोप सुधारते, उतरलेलं वजन खाली राहतं. आठवड्याला १५० मिनिटं किमान. जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं फेरी मारलीत तर साखरेसाठी फार उत्तम, कंपनीच्या आवारातही चालेल.

ज्या दुसऱ्या कारणासाठी जिम हवी म्हटलं ते स्नायू. चाळिशीनंतर ते आपोआप झिजायला लागतात आणि तूट असताना जास्त. आठवड्यातून दोन दिवस ताकदीचा व्यायाम हवा: खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठणं-बसणं, भिंतीला किंवा ओट्याला टेकून दंड, पाण्याचे पाच लिटरचे कॅन उचलणं. रविवारी पांडवलेणीच्या पायऱ्या. जिम परवडत असेल आणि वेळ जुळत असेल तर लावा, पण मशिन बघून पैसे भरू नका, घरापासूनचं अंतर बघा.

काट्याचं एकदा नीट ऐका. रोज वजन करणार असाल तर सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, आणि आठवड्याची सरासरी काढा. मिसळीच्या दुसऱ्या दिवशी काटा किलोभर वर दिसतो, ते मिठाने धरलेलं पाणी असतं, चरबी रात्रीत किलोने होत नाही. महिन्यातून दोनदा बेंबीच्या पातळीवर टेप लावा, श्वास सोडून, पोट आत न ओढता. बरेचदा वजन अडतं आणि कंबर उतरत राहते. वजन खरंच अडलं, तीन-चार आठवडे हललंच नाही, तर दोन शक्यता असतात. एक म्हणजे पळी परत मोठी झाली आहे. दुसरी म्हणजे गरजच घटली आहे: दहा किलो उतरल्यावर वरच्या सूत्रात तुमचे शंभर कमी होतात, चालण्या-फिरण्यातले आणखी थोडे. मग पाव-अर्धी पोळी कमी किंवा वीस मिनिटं चालणं जास्त, एवढाच बदल.

पावडर: व्हे, म्हणजे दूध फाटल्यावर निघणाऱ्या पाण्यातल्या, प्रथिनांच्या चांगल्या पावडरीत एका मापाला वीस-पंचवीस ग्रॅम प्रथिनं असतात, वाईट काही नाही. वर मांडलेला दिवस तुम्हाला पाळीमुळे जमलाच नाही, तर एक माप दुधात घ्या. मात्र ओळखीतल्या कुणी 'दोन जेवणांऐवजी हा शेक' म्हणून डबा विकत असेल, तर त्याला माझा नंबर द्या. सकाळचं लिंबू-मध-कोमट पाणी प्यायला हरकत नाही, चरबी त्याने वितळत नाही, आणि मधाचा मोठा चमचा साठ कॅलरींचा असतो.

इंजेक्शनांचं तुम्ही विचारलं नाहीत, पण विचाराल. सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपटाइड ही वजनासाठीची इंजेक्शनं २०२५ मध्ये आपल्याकडे आली. औषधं काम करतात. ती द्यायची की नाही हे डॉक्टरांनी ठरवायचं, आणि ती घेतानाही भूक मेलेली असल्यामुळे प्रथिनांचं गणित अजून कडक पाळावं लागतं. तुमचा घरगुती डाव अजून खेळून झालेला नाही, म्हणून आज मी त्यावर बोलत नाही.

सुरू करण्याआधी टीएसएच (थायरॉइडची चाचणी), बी१२, ड जीवनसत्त्व आणि यकृताच्या चाचण्या करून घ्या. शाकाहारी घरात बी१२ कमी निघालं तर मला नवल वाटत नाही, आणि त्याने येणारा थकवा माणसं डाएटच्या माथी मारतात. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाला मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर खाणं कमी करण्याआधी डॉक्टरांकडून डोस बघून घ्या, साखर अचानक खाली जाऊ शकते. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायकांसाठी यातलं काहीही नाही.

पहिल्या महिन्यात सगळं एकदम करू नका. तेल, चहा आणि दुपारची उसळ, एवढंच. घरात स्वयंपाक कोण करतं ते तुम्ही लिहिलं नाहीत. वहिनी करत असतील तर हे त्यांना वाचून दाखवा, हुकूम म्हणून सांगू नका, आणि पळीऐवजी साधा पोह्याचा चमचा तेलाच्या भांड्यात तुम्ही स्वतः ठेवा. नवा कॅन फोडाल त्या दिवशी त्यावर मार्करने तारीख लिहा. तो संपेल त्या दिवसाची तारीख, त्या दिवशीचं वजन आणि कंबर मला कळवा. चौतीस-पस्तीस दिवसांच्या आत कळवलंत तर मी पुढचं काही सांगणार नाही, नवा कॅन आणायला सांगेन.